डान्सबारमध्ये काम करणाऱ्या बाईला कायद्याचं कोणतं संरक्षण आहे?

महाराष्ट्रात सगळ्यात आधी लेखी करार मागा. डान्सबारवरच्या राज्याच्या 2016 च्या कायद्याबाबत 17 जानेवारी 2019 ला दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मासिक पगाराची सक्ती काढली, पण करार आणि बँक खात्यात मोबदला या अटी राखल्या. टिप घेता येते. नोटा उधळणं मात्र बंद. नुसत्या टिपेवर राबवून घेणारा मालक उद्या "ही आमची नाहीच" म्हणतो, तेव्हा खात्यातल्या नोंदीच कामी येतात. रोखीत पैसे घेतले की इथेच अडतं.

गिऱ्हाइकाने अंगाला हात लावला तर याच 2016 च्या कायद्यानुसार तो गुन्हाच आहे. पोलिसात तक्रार द्यायची असेल तर मालकाने मदत करायलाच हवी. त्रास मालकाचाच असेल, किंवा बारमध्ये दहापेक्षा कमी माणसं असतील, तर कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे घटनेपासून 3 महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्या. तारीख, वेळ आणि साक्षीदार त्याच रात्री लिहून ठेवा.

आणि वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी रात्री साडेनऊनंतर काम असेल, तर बाईची संमती आणि घराच्या दारापर्यंत गाडी, दोन्ही लागतात. रिक्षाचे पैसे स्वतःच्या खिशातून देऊ नका.