बोटीच्या तळाशी पाणी साचतं त्या बिल्जमध्ये तेल दिसलं की आधी पंप बंद कर

भावा, ऑटोमॅटिक बिल्ज पंपाचा स्विच आधी बंद कर, नाहीतर सगळं तेल सरळ मांडवीत जाणार, फक्त पाणी किती चढतंय त्यावर लक्ष ठेव. आणि डिटर्जंट अजिबात ओतू नकोस रे, त्याने तेल जात नाही, पाण्यात मिसळतं आणि खाली तिसऱ्या-शिंपल्यांपर्यंत पोचतं, फार वाईट वाटतं बघून. तेल शोषणारे पॅड टाक, ते पाणी सोडून तेलच ओढतात. मग इंजिन पुसून खाली पांढरा कागद पसर, थोडं चालव, थेंब कुठे पडतो बघ, बऱ्याचदा ऑइल फिल्टरचं रबर नाहीतर ड्रेन प्लग (तेल काढायचं बूच) ढिला असतो. तेल लालसर असेल तर गिअरबॉक्स तपास. क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील गेलं असेल तर मोठं काम, ते १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत काढ. वापरलेले पॅड बंद डब्यात ठेव, जेट्टीवर टाकू नकोस.