शेजाऱ्याच्या केळीत सापडले उल्केचे तुकडे, हक्क कुणाचा?

रावेरकडच्या एका भाऊंनी विचारलंय. रात्री आकाशात लख्ख उजेड पडला, धडाका झाला आणि सकाळी शेजाऱ्याच्या केळीच्या बागेत वाळलेल्या पानांवर काळे खडे मिळाले, एकूण 11, मोठ्यात मोठा सुपारीएवढा, बोट लावलं तर काळं उतरतं. शेजारी म्हणतो बाग माझी, दगड माझे. त्यात एक व्यापारी विसार देऊन गेलाय.

भाऊ, आधी तो विसार परत करा, रोख नको, बँकेतून करा म्हणजे पुरावा राहतो. जी वस्तू आपली की नाही हेच ठरलेलं नाही ती विकली तर प्रकरण तुमच्याच अंगावर येईल.

आपल्याकडे उल्केसाठी वेगळा कायदा नाहीये, पण देशात पडलेल्या उल्का जपायचं काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे म्हणजे जीएसआयकडे आहे. आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 48 म्हणतं की खनिज जमिनीवर असो की खाली, हक्क सरकारचा. उल्का खनिजात बसते का यावर कोर्टात वाद होऊ शकतो, पण सातबारा दाखवला म्हणजे दगड शेजाऱ्याचा झाला असं मात्र नाही.

तुम्ही लिहिलंय की 1878 च्या गुप्तधन कायद्यात सापडवणाऱ्याला तीन हिस्से आणि जागामालकाला एक. तसं कलम आहे, पण ते मातीत दडलेल्या वस्तूसाठी, काल पानांवर पडलेल्या दगडाला ते लावणं अवघड, त्या भरवशावर राहू नका. मात्र त्याच कायद्यात 10 रुपयांवरची वस्तू सापडून कलेक्टरांना कळवली नाही तर एक वर्षापर्यंत कैद आहे, म्हणून लेखी कळवून मोकळं व्हा. अर्ज तुमच्या दोघांच्या सहीने द्या, त्यात तारीख, गट नंबर, प्रत्येक तुकड्याचं वजन आणि फोटो, एक प्रत नागपूरच्या जीएसआय ऑफिसला, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

तोवर धुऊ नका, लोहचुंबक तर लावूच नका, त्याने दगडातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते. कोरड्या फॉइलमध्ये गुंडाळून डबीत ठेवा, चुरासुद्धा. 2017 च्या जूनमध्ये जयपूरजवळ मुकुंदपुऱ्याला अशीच कार्बनवाली उल्का पडून फुटली होती, असल्या दगडात सूर्यमालेच्या सुरुवातीचं पाणी आणि सेंद्रिय द्रव्यं असतात, म्हणून चिमूटभर चुऱ्यालाही मोल आहे. आपल्याच एदलाबादजवळ, आताच्या मुक्ताईनगरकडे, मानेगावला 1843 मध्ये पडलेली उल्का (ती वेगळ्या जातीची) आजही जगाच्या यादीत गावाच्या नावाने आहे. तुमचे खडे खरे निघाले तर तुमच्या गावाचं नाव लागेल, व्यापाऱ्याच्या खिशात गेले तर ते कुठे पडले हेही कुणाला कळणार नाही. शेजाऱ्याला हे नीट समजावून सांगा, सही देईल तो.