रक्त पातळ केलं, तर जठराचं काय?

प्रश्न : बाबांचं (वय ६१) खुब्याचा सांधा बदलण्याचं ऑपरेशन आहे. सुरुवातीलाच दोन पिशव्या रक्त काढून ठेवू, त्याजागी सलाईन देऊ आणि नंतर तेच रक्त परत चढवू, असं भूलतज्ज्ञ म्हणाले. बाबांना जुना अल्सर आहे. पातळ रक्तामुळे जठराला ऑक्सिजन कमी पडेल का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. हिशेबच करू. १ ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिली ऑक्सिजन वाहून नेतं. हिमोग्लोबिन १४ असेल तर १०० मिली रक्तात १९ मिलीच्या आसपास ऑक्सिजन. दोन पिशव्या काढल्यावर हिमोग्लोबिन साडेअकरापर्यंत उतरलं, तर साडेपंधरा मिली.

पण पातळ रक्त झरझर वाहतं, हृदय दर मिनिटाला जास्त रक्त ढकलतं. स्वारगेटच्या बसमध्ये माणसं कमी बसली, पण फेऱ्या वाढल्या, असं समजा. शिवाय जठराचं अस्तर आलेल्या रक्तातून एरवीपेक्षा जास्त ऑक्सिजन काढून घेऊ शकतं.

मी भूल देते तेव्हा मला काळजी असते ती रक्त पातळ होण्यापेक्षा कमी पडण्याची. साधं सलाईन काढलेल्या रक्ताच्या जवळपास तिप्पट द्यावं लागतं, कारण बरंचसं शिरांबाहेर झिरपतं. तिथे हात आखडला, की शरीर मेंदू आणि हृदय सांभाळण्यासाठी पोटाचा रक्तपुरवठा आधी कापतं. बीपी तरीही चांगलं दिसू शकतं! म्हणून मी नाडी, लघवीचं प्रमाण आणि रक्तातलं लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडला की वाढणारा पदार्थ) सतत बघत असते. जठरात फुगा असलेली नळी घालून तिथला कार्बन डायऑक्साइड मोजण्याची पद्धतही आहे, पण ती मुख्यतः संशोधनात वापरली गेली.

हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा असेल, तर हृदयाला हे जादा काम झेपत नाही. तेव्हा ईसीजी, टूडी एको झालं का, ते विचारा. आणि खुबा दुखतो म्हणून बाबा वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या घेत असतील, तर ते भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. अल्सरला खरा धोका त्या गोळ्यांचा आहे. शी काळी होत असेल किंवा हिमोग्लोबिन आधीच कमी असेल, तर हा बेत बदलायला हवा.

काढलेल्या पिशव्या नाव आणि वेळ लिहून थिएटरमध्येच ठेवतात. परत देताना शेवटची आधी चढवतात. पहिली, सर्वांत दाट पिशवी, रक्तस्राव थांबल्यावर.