'मार्केट विमेन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: पश्चिम आफ्रिकेच्या इतिहासावरचा मजकूर मराठीत आणताना 'मार्केट विमेन' हा शब्द पानोपानी भेटतो. 'बाजारातल्या बायका' लिहिलं तर कानाला खटकतं, 'महिला विक्रेत्या' लिहिलं तर महापालिकेची नोटीस वाचल्यासारखं वाटतं. मग काय लिहावं?

खटकतं ते उगाच नाही. मराठीत बाजार आणि बाई शेजारी आले की अर्थ घसरतो. 'बाजारबसवी' ही तर उघड शिवीच, आणि 'बाजारू'ही त्याच वाटेवरचा. आपले बाजार खरं तर बायकांनीच भरलेले. पण त्यांना आपण मालावरून ओळखतो, नाहीतर जातीवरून: भाजीवाली, कोळीण, माळीण, बोहारीण. सगळ्यांना मिळून एक नाव द्यायची वेळच आली नाही, कारण सगळ्या मिळून एक ताकद आहेत असं आपण कधी पाहिलं नाही.

नायजेरियातल्या योरुबा लोकांनी पाहिलं. त्यांच्याकडे 'इया' म्हणजे आई, 'ओलोजा' म्हणजे बाजाराचा धनी, मिळून 'इयालोजा'. पण कृपा करून 'बाजारमाउली' करू नका, भजन सुरू झाल्यासारखं वाटेल. हे पद आहे. विक्रेत्यांमधले तंटे सोडवणं, सरकारदरबारी बाजाराच्या वतीने बोलणं ही तिची कामं. आपल्या जुन्या पेठांमधले शेटे-महाजन आठवा, फक्त इथे मान बाईचा. घानात तर मालागणिक मुख्य बाई वेगळी. अकान भाषेत 'हेमा' म्हणजे राणी आणि 'बायेरे' म्हणजे याम हा कंद, म्हणून यामच्या बाजाराची ती 'बायेरेहेमा'. टोमॅटोवालीची राणी निराळी.

नायजेरियातल्या लागोस शहराच्या एरेको बाजारात अलिमोतु पेलेवुरा मासळी विकायची. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण शहरातल्या बाजारकरणींच्या संघटनेची ती प्रमुख होती. १९४० मध्ये बायकांवर कर लादायला निघालेल्या इंग्रज सरकारविरुद्ध तिने मोर्चा काढला, आणि युद्धकाळात सरकारने खाद्यपदार्थांचे भाव बांधले तेव्हा त्यालाही ती नडली.

शेजारच्या अबेओकुटात तर शब्दच बदलला गेला. शिक्षिका असलेल्या फुन्मिलायो रॅन्सम-कुटी यांचा शिकल्यासवरलेल्या बायकांचा 'लेडीज क्लब' होता. सरकारी माणसं बाजारात तांदूळ जप्त करू लागली तशा विकणाऱ्या बायका त्यांच्याकडे आल्या, आणि १९४६ मध्ये 'लेडीज क्लब' जाऊन 'विमेन्स युनियन' झाली. 'लेडीज' या शब्दात तांदूळवाली मावत नव्हती. कराविरुद्धच्या त्यांच्या लढ्यापुढे १९४९ च्या जानेवारीत तिथल्या राजाला, म्हणजे 'अलाके'ला, गादी सोडावी लागली.

आता एक फसगत. टोगोच्या लोमे शहरातल्या 'नाना बेंझ'बद्दल वाचलंत तर डोळ्यांपुढे धोतर-टोपीतले नाना येतील! तिथे नाना म्हणजे आई-आजी. छापील कापडाच्या व्यापारात या बायकांनी इतका पैसा केला की मर्सिडीज-बेंझ गाड्या घेतल्या, आणि लोकांनी गाडीचंच नाव त्यांना चिकटवलं. कापडाच्या नक्षींनाही नावं असत. त्यातलं एक: 'माझा नवरा कर्तबगार'. दुसरं: 'सवतीचा डोळा'. आपल्या 'रुईफुली' काठाला असला खमंगपणा नाही. १९९४ मध्ये तिथल्या चलनाची किंमत निम्मी झाली आणि हा धंदा खचला. स्वस्त चिनी नकलांनी उरलंसुरलं केलं.

तर माझा कौल मी वर पेलेवुराच्या वेळी गुपचूप देऊनच टाकला आहे: 'बाजारकरीण'. आठवडी बाजाराला जाणारा तो 'बाजारकरी' हा शब्द आपल्याकडे आहेच. शेतकरी-शेतकरीण, वारकरी-वारकरीण या चालीवर बाजारकरीण, अनेकवचन बाजारकरणी. एवढंच की बाजारकरी खरेदीलाही जातो, तेव्हा पहिल्यांदा वापराल तिथे 'माल विकणाऱ्या बाजारकरणी' असं लिहा. पुढे नुसतं चालेल. 'इयालोजा' आणि 'नाना बेंझ' मात्र तसेच ठेवा.