रोड्सचा धान्यव्यापारी आणि तुझी डाळीची पेढी

डाळीच्या घाऊक धंद्यात उतरतोयस, तर आधी हे जुनं कोडं ऐक.

रोड्स बेटावर दुष्काळ पडलाय. अलेक्झांड्रियाचा व्यापारी जहाजभर धान्य घेऊन पोचतो. मागून आणखी जहाजं येताहेत, हे त्याने वाटेत पाहिलंय. ते सांगायचं, की गप्प राहून चढा भाव घ्यायचा? रोमन विचारवंत सिसेरोने इ.स.पू. ४४ मध्ये हा वाद लिहून ठेवला. तत्त्वज्ञ डायोजिनीस (पिंपात राहणारा प्रसिद्ध डायोजिनीस नव्हे, बॅबिलोनचा) म्हणतो, कायद्याने सांगावे लागणारे दोष सांगितले, लबाडी केली नाही, की झालं. त्याचाच शिष्य अँटिपाटर म्हणतो, सगळं सांग. सिसेरोचा कौल अँटिपाटरला.

मला तो कौल जरा कडक वाटतो. उद्याच्या भावाचा तुझा अंदाज तुझ्यापाशी ठेव, पण मालाबद्दल गप्प बसू नकोस. नव्या तुरीत जुनी मिसळली असेल किंवा कीड लागली असेल, तर भाव ठरण्याआधी सांग, बिलावर लिही. नमुना पोत्याच्या तोंडाचा नको, मधला काढून दाखव.

‘असा धंदा होत नाही’ म्हणणारे दलाल भेटतीलच. सुरुवातीला नफा कमी सुटेल. तेवढं खेळतं भांडवल हाताशी ठेव.