मुतखडा कॅल्शियमचा निघालाय, मग दूध-दही बंद करू का?

नका करू. मी इंदूरचा. पहिल्या खड्यानंतर मीही कुणाच्या तरी सांगण्यावरून दूध-दही पार तोडलं होतं. दीड वर्षात दुसरा खडा झाला. तो मी चहाच्या गाळणीत धरला: मोहरीएवढा, तपकिरी, भिंगाखाली अंगभर काटे.

रिपोर्टात 'कॅल्शियम ऑक्झलेट' अशी दोन नावं असतात, आपण पहिल्यालाच घाबरतो. जेवणात दही असलं की त्यातलं कॅल्शियम पालकातल्या, तिळातल्या ऑक्झलेटला आतड्यातच धरतं आणि ते शौचावाटे निघून जातं. दही तोडलं की तेच ऑक्झलेट मोकळं राहून रक्तात आणि मग लघवीत उतरतं. लघवीत ते मुळात फार थोडं असतं, म्हणून जरासं वाढलं तरी भारी पडतं. इटलीत वारंवार खडे होणाऱ्या 120 पुरुषांवर 5 वर्षं अभ्यास झाला, 2002 साली छापून आला. कॅल्शियम कमी केलेल्या 60 पैकी 23 जणांना पुन्हा खडा झाला. नेहमीएवढं कॅल्शियम घेऊन मीठ आणि मांसाहार कमी केलेल्या 60 पैकी फक्त 12 जणांना.

मिठाचं मनावर घ्याच. किडनी मीठ बाहेर टाकते तेव्हा कॅल्शियमही त्याच्यामागे लघवीत जातं. आमच्याकडे पोह्यांवर शेव, वरणावर शेव. मी ती सोडली, दही परत आणलं.

आणि पाणी. पाक आटला की कडेला साखर धरते ना, लघवीचंही तसंच. डॉक्टरांनी 24 तासांची लघवी कॅनमध्ये साठवायला सांगितली, तर माझी जेमतेम 900 मिली भरली. हवी दोन-अडीच लीटर. किती प्यायलो यापेक्षा किती झाली ते मोजा, निदान एक दिवस तरी. लिंबूपाणी बिनमिठाचं घ्या; लिंबातलं सायट्रेट कॅल्शियमला अडकवून ठेवतं. (इंदूरची शिकंजी यात धरू नका, ती दुधाची असते.)

खडा पडला तर तपासायला द्याच. युरिक ॲसिडचा असेल तर लघवीची आम्लता कमी करणाऱ्या औषधाने तो विरघळू शकतो, कॅल्शियमचा विरघळत नाही.

कळांबरोबर थंडी वाजून ताप आला तर मात्र पाणी पीत घरी थांबू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. अडलेल्या लघवीत जंतू वाढले की किडनीच काय, जीवही धोक्यात येतो.