ट्रक मागे चिकटून येतो, डिपर मारतो, साइड देत नाही. ट्रकवाले कारवाल्यांना मुद्दाम त्रास देतात का? अशा वेळी काय करावं?

मुद्दाम? बहुतेक वेळा नाही. कारवाल्यांना जो माज वाटतो तो निम्म्याहून जास्त वेळा वजनाचा प्रश्न असतो. हे मी दुधाच्या टँकरच्या सीटवर बसून सांगतोय, त्याआधी बरीच वर्षं ट्रेलर चालवलाय. काय करावं ते शेवटी सांगतो, पण आधी थोडं ऐकून घ्या, कारण हा प्रश्न माझ्या घरापर्यंत आलेला आहे.

तुमची कार दीड टनाची, इंजिन 100 हॉर्सपॉवरचं. म्हणजे टनामागे पासष्ट-सत्तर हॉर्सपॉवर. ट्रेलर भरला की 40 टन आणि इंजिन 400 चं. टनामागे 10. त्यामुळे चढ लागायच्या आधी जेवढा वेग हाताशी असेल त्याच्यावरच अर्धा चढ निघतो. नेमका पायथ्याशी पुढचा कारवाला फोनकडे बघत 80 वरून 60 वर येतो. मागून ट्रक जवळ येतो आणि डिपर मारतो. त्याचं म्हणणं एवढंच असतं, की बाबा, तू पुढे निघ, माझा जोर मोडू नको. एकदा जोर मोडला की वरपर्यंत खालच्या गिअरमध्ये रांगायचं. मागे रांग लागते आणि रांगेतला प्रत्येक जण शिव्या ट्रकला घालतो, पायथ्याशी रेंगाळलेल्याला नाही.

ब्रेकचंही तेच. चांगली कार ताशी 100 च्या वेगात कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावल्यावर 40 मीटरच्या आसपास थांबते. अमेरिकेत नव्या ट्रॅक्टर-ट्रेलरसाठी नियम असा, की भरलेल्या गाडीने ताशी 60 मैलांवरून, म्हणजे साधारण 97 किलोमीटरवरून, 250 फुटांत थांबलं पाहिजे. म्हणजे 76 मीटर, आणि तेही नवी गाडी, ब्रेक जागेवर, चाचणीचा सपाट कोरडा रस्ता. आमच्या गाडीला वर्षं झालेली असतात, टायर अर्धे झिजलेले असतात, रस्त्यावर डिझेल सांडलेलं असतं. शिवाय ब्रेक हवेचे. पेडल दाबल्यावर हवा नळ्यांतून मागच्या चाकांपर्यंत पोहोचायला सेकंदाचा काही भाग जातोच. ताशी 80 च्या वेगात एका सेकंदात 22 मीटर जातात. ट्रकसमोर मोकळी जागा दिसते आणि कारवाला त्यात घुसतो. ती जागा रिकामी नव्हती हो, ती माझी थांबायची जागा होती.

आता जे सांगतो त्यावरून माझं आणि मेहुण्याचं आजवर पटलेलं नाही.

दुधाच्या टाकीत आडवे पडदे नसतात. पेट्रोलच्या टँकरमध्ये असतात, त्यामुळे आतला माल फार हलत नाही. दुधाच्या टाकीत पडदे घातले तर कोपऱ्यांत दूध साचतं आणि धुताना निघत नाही, म्हणून ती आतून सरळ, गुळगुळीत. टाकी गच्च भरलेली असली की चिंता कमी. अर्धी असली की वाईट. ब्रेक लावला की सगळं दूध पुढे येऊन टाकीच्या तोंडावर आपटतं आणि गाडी थांबता थांबता पुन्हा पुढे ढकलली जाते. भरली बादली घेऊन धावता धावता एकदम थांबून बघा, म्हणजे कळेल.

त्या रात्री दूध कमी मिळालं होतं, टाकी अर्धीच होती. लांब घाटाचा उतार. मी वरच गिअर खाली घेतला, एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग रोखणारा ब्रेक, लावला, चारही इंडिकेटर चालू केले आणि कडेच्या लेनमधून हळूहळू उतरत होतो. हळू का, तेही सांगतो. 40 टनांची गाडी 100 मीटर खाली उतरली की सुमारे 4 कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ती इंजिनात जिरली तर ठीक. सगळी ब्रेकमध्ये गेली तर ड्रम तापून फुगतात, लायनर, म्हणजे ड्रमवर घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या, पकडेनासे होतात आणि पेडल पूर्ण दाबूनही गाडी ऐकत नाही. आमचं वजन त्या दिवशी 40 टनांपेक्षा बरंच कमी होतं, पण हिशोब तोच लागतो. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे जुन्या ड्रायव्हरांनी शिकवलेलं मी कधी मोडलेलं नाही.

मागे कारची रांग लागली होती, मला आरशात दिसत होती. त्यातली एक पांढरी कार वळणावरच बाहेर निघाली. समोरून दुसऱ्या गाडीचे दिवे येत होते. मी हॉर्न दिला, लांब, की मागे रांगेतच राहा, बाहेर येऊ नको. तो तसाच पुढे गेला, माझ्यासमोर कट मारून आत शिरला आणि त्याने ब्रेक दाबला. पुढे काहीही नव्हतं. रस्ता मोकळा होता. मी हॉर्न दिला म्हणून त्याने मला धडा शिकवायला ब्रेक दाबला.

मी पेडलवर उभा राहिलो. गाडी बसली, आणि मग दुधाचा दणका आला. गाडी पुन्हा सरकली. परत ब्रेक. हवेच्या मीटरची सुई खाली येताना दिसत होती, जळक्या लायनरचा वास केबिनमध्ये भरला होता. कार दिसेनाशी झाली. खरंच दिसेनाशी झाली, कारण केबिनच्या नाकाखालची काही फुटांची जागा ड्रायव्हरला दिसतच नाही. आधी मागची काच दिसत होती, तिच्यात एका लहान मुलाचं डोकं, वळून माझ्याकडे बघणारं. मग नुसतं छप्पर. मग छपराची कड. मग काहीच नाही. गाडी थांबली तेव्हा मी कारला धडकलोय की नाही हे मला सांगता येत नव्हतं. क्लीनर दार उघडून खाली उडी मारून पुढे पळाला आणि तिथून त्याने हात वर करून दाखवला, अंगठा आणि करंगळी ताणून. मधे वीतभर जागा होती.

त्या मुलाच्या बापाने खाली उतरून काय केलं असेल? फोन काढला आणि माझं शूटिंग सुरू केलं. ट्रकवाला दारू पिऊन चालवतोय, बघा कसा अंगावर येतो. मी म्हटलं, साहेब, तुमचं पोर मागच्या काचेला लागून उभं होतं, निदान त्याला बेल्ट तरी लावा. तो माझ्या दाराच्या पायरीवर चढून चावी काढायला बघत होता. उतारावर उभी असलेली गाडी, तापलेले ब्रेक, आणि हा चावी काढणार. लोक जमले, सगळे कारवाल्याच्या बाजूचे. पोलिसही आले. फुंकर मारायला लावली, त्यात काही निघालं नाही, तरी जाताना मलाच ऐकवलं की मोठी गाडी आहे, तुम्हीच सांभाळून चालवायला हवं. सांभाळूनच चालवली म्हणून ते पोर घरी गेलं, हे तिथे कुणाच्या तोंडून निघालं नाही. आमच्या क्लीनरचे हात रात्रभर थरथरत होते.

हे घरी सांगितलं तेव्हा मेहुणा म्हणाला, "पण दाजी, तुम्ही हॉर्न वाजवलात म्हणूनच तो चिडला ना?" त्याच्याकडे नवी कार आहे आणि महामार्गावर आपल्याला सगळं कळतं असा त्याचा समज आहे. ट्रकवाल्यांना रस्ता बापाचा वाटतो, हे त्याचं आवडतं वाक्य. तुमच्या प्रश्नातही मला तोच सूर लागला, म्हणून एवढं लिहितोय.

हॉर्नबद्दल माझं म्हणणं ऐका. कारवाल्याकडे धोका टाळायला तीन उपाय असतात: ब्रेक, स्टिअरिंग आणि वेग. माझ्याकडे भरल्या गाडीत यातला एकही झटपट चालत नाही. स्टिअरिंग झटक्यात फिरवलं तर गाडी आडवी. ब्रेक लागायला वेळ. वेग वाढवणं तर विसराच. राहिला हॉर्न. ट्रकचा हॉर्न ही विनवणी असते. ती शिवी समजून जो समोर येऊन ब्रेक दाबतो, तो स्वतःच्या मुलाबाळांना 20-25 टनांच्या पुढ्यात ठेवतो. त्याला चिडायचा हक्क आहे, ब्रेक दाबायचा नाही.

मेहुण्याची दुसरी तक्रार, दोन ट्रक शेजारीशेजारी चालतात आणि मागच्यांचा रस्ता अडवतात. ही मात्र अर्धी खरी आहे. युरोपात मोठ्या ट्रकना वेगमर्यादक लावलेला असतो, गाडी 90 च्या वर जातच नाही. समजा पुढचा 88 ने चाललाय आणि मागचा 90 ने. दोघांची लांबी प्रत्येकी साडेसोळा मीटर, आधी-नंतर थोडं अंतर ठेवायचं, म्हणजे 90 मीटर भरून काढायचे, तेही ताशी 2 किलोमीटरच्या फरकाने. त्याला अडीच मिनिटांहून जास्त लागतात आणि तेवढ्यात दोघं 4 किलोमीटर पुढे गेलेले असतात. मग मागचा का जातो ओव्हरटेकला? कारण घड्याळ. तिकडे साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं थांबावंच लागतं, अमेरिकेत एका पाळीत 11 तासांच्या वर चालवता येत नाही. माल उतरवायला गोदामात तासन्‌तास थांबवून ठेवतात, त्याची भरपाई ड्रायव्हर रस्त्यावर करतो. तरीही माझं मत स्पष्ट आहे: असा ओव्हरटेक करू नये, आणि केलाच तर शेजारच्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा उचलावा. जो उचलत नाही तो आमच्यातला असला तरी चुकीचा.

आता तुमचं 'काय करावं'. ट्रक मागे आला तर त्याला जाऊ द्या, जागा सापडेल तिथे बाजूला घ्या. त्याला शिकवायला ब्रेक मारू नका, त्याच्याशी शर्यतही लावू नका. ट्रकच्या शेजारी रेंगाळू नका, पटकन पुढे जा किंवा मागेच राहा. ड्रायव्हर ज्या बाजूला बसतो त्याच्या उलट बाजूला तर नाहीच, तिथे अख्खी कार लपते. माझ्या आरशात तुम्हाला माझा चेहरा दिसत नसेल तर मलाही तुम्ही दिसत नाही. वळणावर ट्रक आधी बाहेरच्या बाजूला जातो ते मागची चाकं आतून येतात म्हणून. आतली मोकळी जागा बघून दुचाकी घालू नका. लंडनमध्ये असे बळी जायला लागले म्हणून 12 टनांवरच्या ट्रकना, केबिनमधून थेट किती दिसतं ते तपासून परवाना देण्याची पद्धत 2021 पासून सक्तीची केली.

आणि ट्रकच्या मागे चिकटून तर कधीच चालवू नका. 1967 साली अमेरिकेत जेन मॅन्सफील्ड ही अभिनेत्री गेली ती कार ट्रेलरच्या मागच्या टोकाखाली घुसूनच. ट्रेलरची पाठ बोनेटपेक्षा उंच असते, पहिला मार थेट काचेला बसतो, एअरबॅगचा तिथे फारसा उपयोग नाही. त्यासाठी मागे जो आडवा लोखंडी बार लावतात, तो सडलेला किंवा वाकलेला असेल तर तो ट्रक रस्त्यावर यायलाच नको, हे मालकांनाही सांगतो.

दारू पिऊन, झोपेच्या धुंदीत, दुसऱ्याचा जीव टांगणीला लावून चालवणारे ड्रायव्हर आहेत. मी त्यांची बाजू घेत नाही. तुमच्या मागे चिकटलेला तसा असेल आणि बाजूला घेऊनही पाठ सोडत नसेल, तर वर्दळीच्या, उजेडाच्या ठिकाणी आत वळा, नंबर टिपून ठेवा आणि पोलिसांना कळवा. रस्त्यात उतरून त्याच्याशी भांडू नका.

पण समोर कट मारून रिकाम्या रस्त्यावर ब्रेक दाबणारा कारवालाही तेवढाच गुन्हेगार आहे, आणि त्याचं लायसन्स काढून घेतलं पाहिजे. मेहुण्यालाही मी हेच सांगितलंय.